मामाला पावती कशी फाडायची

श्रीमंतचं नाव ऐकून नवखा माणूस हसतो, कारण नावाशी जुळेल असं त्याच्याकडं काहीच नाही. एक छोटा हत्ती टेम्पो आहे, तोही दुसऱ्याचा वापरून झालेला, आणि त्यावर बसून बसून कामातून गेलेली कंबर आहे. कुणाचा कांदा, कुणाच्या लग्नाची भांडी, मिळेल ते भरायचं आणि जामखेडहून नगरला नेऊन उतरवायचं. माझं सरकी-पेंडीचं दुकान त्याच्या घरासमोरच आहे. संध्याकाळी तो माझ्याकडं येऊन पोत्यावर टेकतो. पुढचं सगळं त्यानं तिथंच बसून सांगितलं, थोडं थोडं करून, कारण एका दमात बोलायचीसुद्धा त्याला ताकद नसते.

झालं ते अगदी साधं. नगरच्या अलीकडं पोलिसांनी टेम्पो अडवला. श्रीमंतनं पट्टा लावला नव्हता. एक जाडसर हवालदार घाम पुसत खिडकीशी आला आणि त्यानं पावतीचं मशीन बाहेर काढलं. आपल्याकडं ट्रॅफिक पोलिसाला सगळे मामा म्हणतात, तसं श्रीमंतही म्हणाला, "मामा, जाऊ द्या की. कंबर लई दुखती, पट्टा लावला की रग लागती."

"सगळ्यांचीच दुखती," हवालदार म्हणाला.

इथं गप्प बसून पावती घ्यायची की नाही? पण आपल्या माणसाला एक खोड आहे. समोरचा खाकीत असो की काळ्या कोटात, आधी त्याच्याशी नातं निघतं का ते बघायचं. श्रीमंतनं छातीवरची पट्टी वाचली. जाधव. "गाव कुठलं म्हनायचं सायेब?"

"पुणतांबा."

"मग पाव्हणंच की आपण! पुणतांब्याच्या जाधवांत आमची बहीन दिलीया. रंगुबाई."

हवालदाराचा हात मशीनवर थांबला. "रंगुबाई? जामखेडकडची? अवो, ती माझी चुलती!" आणि मग त्यानं बोटावर नातं मोजलं आणि मोठ्यानं हसला. "म्हंजी मामा मी न्हवं, मामा तुमी! मामाला पावती कशी फाडायची?"

मशीन खिशात गेलं. हवालदाराचं नाव काकासाहेब. त्यानं श्रीमंतला समोरच्या टपरीवर चहा पाजला, वर मोबाईल नंबर घेतला आणि निघताना वाकून नमस्कारही केला. श्रीमंत खूश होऊन घरी आला. मला म्हणाला, "बघा, नातं कुठं उपयोगी पडंल सांगता येत न्हाई."

ही रंगुबाई त्याची चुलत बहीण, खरी. तिनं त्याला लहानपणी कडेवर वागवलं. ती लग्न होऊन गोदावरीकाठी गेली तेव्हा आमच्या कोरड्या मुलखात केवढं कौतुक झालं होतं, पोरगी पाण्याच्या गावाला पडली म्हणून. पुढं तिचे आईबाप वारले. माघारी तिला पंचमीला आणायला कोण जाणार, हा प्रश्न दर वर्षी निघायचा आणि दर वर्षी बारगळायचा. मूल झालं नाही, नवरा गेला, हे सगळं इकडं उडत उडत कळलं. कुणी गेलं नाही. श्रीमंतही गेला नाही. त्याला दोष देऊन मी तरी कुठला मोठा, माझ्याही बहिणी आहेतच की.

आठवडा गेला आणि फोन सुरू झाले. "मामा, आज नगरला येणार का?" "मामा, कांदा उतरवला की चहाला थांबा." श्रीमंत थांबायचा. पावती सोडलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? एकदा चहा पिता पिता काकासाहेबानं विचारलं, "मामा, मुलंबाळं किती?" श्रीमंतनं सांगितलं, एकच मुलगी, दिपाली.

झालं, त्या दिवशी सोडलेल्या पावतीचा आकडा कळला. काकासाहेबाचा धाकटा भाऊ ओंकार गावी शेती बघतो. विहीर, पाट, गोठ्यात संकरित गाई, पक्कं घर. पोरगा निर्व्यसनी. पण शेतकरी नवरा नको म्हणून मुली नकार देतात, आणि बघता बघता त्याची तिशी उलटली. "मामाची पोरगी म्हंजी पहिला हक्क आमचा," काकासाहेब म्हणाला. "एकदा घर तर बघून जा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दिपालीला पोलीस व्हायचंय. मागच्या भरतीत थोडक्यात हुकली, आता पुढच्या भरतीसाठी ती पहाटे उठून मैदानावर पळते आणि दिवसभर अभ्यास करते. तिनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "आण्णा, पावती फाडली असती तर तिथंच मिटलं असतं की! मी पोलीस झाले ना, पहिली पावती तुमचीच फाडते." मग तिनं हळूच विचारलं, "खरंच देनार का मला तिकडं?"

"न्हाई गं. बगून येतो नुसतं."

"नुसतं बगायला कुनी जात न्हाई," ती म्हणाली, आणि ते बरोबरच होतं. घर बघायला गेलं की चहा, मग जेवण, मग बैठक, आणि बैठकीत सुपारी कधी फुटते ते मुलीच्या बापालाही कळत नाही. श्रीमंतसारख्याला तर नाहीच. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती याच्या घरी जन्माची मुक्कामाला आहे. फोनवर नाही म्हणून टाक असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तोंडावर सांगतो. फोनवर बरं दिसत न्हाई." नाही तरी त्याला फोनवर जमलं नव्हतंच.

तो आणि त्याची बायको सुरेखा टेम्पोनं गेले. पट्टा लावून. पुणतांब्यात चांगला पाहुणचार झाला. अंगणात खुर्च्या टाकलेल्या, भावकीतली चार माणसं फेटे बांधून आलेली. लहानथोर सगळे श्रीमंतला मामा म्हणत होते. ओंकार पाणी घेऊन आला आणि मान खाली घालून उभा राहिला. पोरगा वाईट नाही हे बघून श्रीमंतला आणखीच अवघड झालं. वाईट असता तर नाही म्हणायला बरं पडलं असतं.

जेवणाआधी हात धुवायला तो गोठ्यामागच्या हौदावर गेला. तिथं एक म्हातारी दुधाच्या किटल्या घासत होती. तिनं वर बघितलं.

"सिरमंत्या?"

तिला ओळखायला त्याला वेळ लागला. तिला लागला नाही. श्रीमंत पायाशी वाकला, तिनं ओल्या हातानंच त्याची पाठ चाचपली. "किती वाळलास रं. काकासायेब म्हनला तुजा भाऊ भेटला, रस्त्यात तुजं नाव घेतलं त्यानं. रातभर झोप न्हाई लागली मला."

ते नाव कशासाठी घेतलं हे सांगायचं धाडस त्याला झालं नाही.

"पोरगी इतं दे," ती म्हणाली. "मला आपलं मानूस हुईल. म्हातारपनी पानी तरी देईल हातावर. ही मानसं वाईट न्हाईत, पन मी त्यांच्या कामापुरतीच हाय." मग तिनं त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं. "का रं? पोरीच्या मनात न्हाई?"

श्रीमंतनं सांगितलं. पहाटेचं पळणं, हुकलेली भरती, पोलीस व्हायचं तिचं वेड.

"मग सांग की तसं त्यांना."

"कसं सांगू आक्का? सायबानं सोडलं मला. सगळी मामा मामा करत्यात. तोंडच उघडत न्हाई माजं."

रंगुबाई किटली विसळत राहिली. "मला कुनी इचारलं न्हवतं," ती म्हणाली. "पानी बगून दिली. पानी लई हाय इतं." आणि ती किटल्या उचलून आत गेली.

जेवणं झाली, बैठक बसली. फेटेवाल्यांतला एक म्हणाला, मामा, मग फोडायची का सुपारी? श्रीमंत पंच्याच्या टोकाला पीळ घालत बसला. सुरेखानं त्याला दोनदा कोपरानं ढोसलं. काकासाहेब सुपारी घेऊन पुढं सरकला.

तेवढ्यात रंगुबाई दारात आली. पदर डोक्यावर घेतलेला, नजर उंबऱ्याकडं.

"काकासायेब, थांब. ह्यो मानूस माजा भाऊ न्हवं."

"काकू, काय बोलता?" काकासाहेब म्हणाला. "तुमीच म्हनला हुता, श्रीमंत नावाचा भाऊ हाय म्हनून."

"नाव त्येच हाय. मानूस त्यो न्हाई. मी कडंवर वागवलेला पोरगा मला वळखू येत न्हाई व्हय? आनि माजा भाऊ असता तर पंचमीला आला नसता का न्यायला, एका तरी साली?"

काकासाहेब वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो दुखावला होता. "मामा, तुमी सांगा. भाऊ हाय का न्हाई?"

श्रीमंतनं दाराकडं पाहिलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती. हो म्हणावं तर पोरगी जाते. एवढं सोपं करून ठेवलं होतं तिनं, आणि ‘न्हाई’ हा एकच शब्द त्याला आयुष्यात सगळ्यात जड गेला.

"न्हाई सायेब," तो म्हणाला. "पावती चुकवायला बोललो. चुकलं माजं."

कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उचलला नाही. फेटेवाले उठून गेले. ओंकारनं खुर्च्या गोळा करायला घेतल्या. काकासाहेब एवढंच म्हणाला, "पट्टा लावत जा," आणि आत गेला. रंगुबाई गोठ्याकडं गेली होती. पाव्हणाच नसलेल्या माणसाला निरोप द्यायला ती कशी येणार?

राहाता गाव मागं पडेपर्यंत श्रीमंतनं हौदावरचं सगळं बोलणं सांगितलं. मग सुरेखानं पदरानं डोळे पुसले.

"आपली पोरगी वाचवली वो वन्संनी. सोताच्या पान्यावर पानी सोडलं. अवंदा पंचमीला आनू त्यास्नी. मी सोता येते."

श्रीमंतला रडू आवरेना. त्यानं टेम्पो कडेला घेतला.

"कोन म्हनून आनायचं?" तो म्हणाला.