अनुभवाचा दाखला

मॅडमनी कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला. "वाच. नाव बरोबर आहे ना?"

नाव बरोबर होतं. त्याच्यापुढचं काहीच बरोबर नव्हतं. सदर महिला आमच्या रुग्णालयात वॉर्ड आया या पदावर कार्यरत होती, तिची वर्तणूक समाधानकारक होती. खाली शिक्का. खाली डॉक्टरसाहेबांची सही.

धुळ्यातलं ते खाजगी हॉस्पिटल मॅडमच्या नवऱ्याचं. साहेब पेशंट बघायचे, मॅडम माणसं बघायच्या. मी तिथं सहा वर्षं आयसीयूत होते. नर्सिंगचा पूर्ण कोर्स केलेली, नर्सिंग कौन्सिलकडे नोंद असलेली नर्स.

मी उभी होते. समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

"मॅडम, इथं आया लिहिलंय."

"मग? पेशंटचं हागणंमुतणं काढत नव्हतीस का तू?"

"काढत होते. नर्सचंच काम आहे ते."

"मग आता कसली लाज वाटते? तिकडं जाऊन तरी काय करणारेस? तेच. गोऱ्यांचं." त्या हसल्या. मग आवाज मऊ केला. "एक मात्र बरंय. तिकडं तुला जात कोणी विचारणार नाही."

कोपऱ्यात औषध कंपनीचा माणूस बॅग मांडीवर घेऊन बसला होता. तोही हसला. मला तो ओळखतही नव्हता.

मी कागद घेतला नाही. बाहेर आले.  

ही बाई मला पहिल्या दिवसापासून ओळखत होती, एवढं मात्र खरं. मुलाखतीत त्यांनी पूर्ण नाव विचारलं. आडनावावर थांबल्या. "म्हणजे तुम्ही..." एवढंच म्हणाल्या. पुढचं मीच म्हणावं अशी वाट बघत राहिल्या.

"बौद्ध," मी म्हणाले.

"हां. मग सेवेची सवय असेलच."

त्या दिवशी मला वाटलं, बाई चांगलं बोलली. घरी जाताना एसटीत बसल्यावर अर्थ लागला.

माझी माय अमळनेरला एका प्रसूतिगृहात आया. तीस वर्षं झाली. बाळंतिणीच्या रक्ताच्या चादरी तिनं धुतल्या, त्यावर मी शिकले. म्हणून आया या शब्दाची मला लाज नाही. पण माझ्यावर तो शब्द कुणी कशासाठी चिकटवतं, ते मला कळतं. जळगावला नर्सिंग कॉलेजात पहिल्याच दिवशी ट्यूटर म्हणाल्या होत्या, "स्कॉलरशिपवाल्या मुली उभ्या राहा." आम्ही उभ्या राहिलो. मग आमच्या ड्यूट्याही वेगळ्या लागल्या. बेडपॅन, मळके कपडे, मयताची तयारी. औषधाची ट्रॉली घेऊन फिरायच्या त्या बाकीच्या मुली. मी ट्रॉलीच्या मागं मागं जायचे, बाटल्यांवरची नावं वाचायचे, खोलीवर येऊन पाठ करायचे. तेव्हापासून एक खोड लागली. कुणी कागद पुढं केला की मी आधी मागची बाजू बघते.

आयसीयूत कापसावर फवारणी करताना विषबाधा झालेली माणसं यायची. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. उताऱ्याचं अॅट्रोपिन किती द्यायचं ते त्या माणसाची छाती आणि नाडी सांगते. दर पाच मिनिटांनी कान लावून ऐकायचं. कमी पडलं तर माणूस स्वतःच्याच पाण्यात बुडतो, जास्त झालं तर वेडंवाकडं बरळतो, उठून पळायला बघतो. एरंडोलकडचा एक सालदार असाच आला होता. चार दिवस साहेब सकाळ-संध्याकाळ एकेक चक्कर मारून जायचे. बाकी वेळ मी होते. पाचव्या दिवशी त्यानं डोळे उघडले आणि मला अक्का म्हणाला. माझ्या बापाच्या वयाचा माणूस.

हे काम आयाचं असेल तर आयसीयू आयानंच चालवलं असं म्हणा.

मी आयर्लंडला अर्ज केला होता. इंग्रजीची परीक्षा दोनदा दिली. दर रविवारी धुळ्याहून जळगावला क्लासला जायचे, कानात तारा घालून, त्यांचे उच्चार ऐकत. पारोळा यायचं, एरंडोल यायचं, मी रेकॉर्डिंगमधल्या कुठल्यातरी म्हातारीचं गुडघेदुखीचं गाऱ्हाणं ऐकत असायचे. दुसऱ्या वेळी पास झाले. तिथल्या एका हॉस्पिटलनं फोनवर मुलाखत घेतली. त्यांनी मला पंपावर चालणाऱ्या औषधांचं विचारलं, व्हेंटिलेटरचं विचारलं. आडनावावर थांबले नाहीत. नीट उच्चारताही आलं नाही त्यांना. निवड झाली. एकच अट. आयसीयूच्या अनुभवाचा दाखला.

म्हणून मी मॅडमसमोर उभी होते.

नुसती माझी जिरवायची म्हणून त्यांनी आया लिहिलं असं मला वाटेना. जिरवायला त्यांना कागद लागत नाही. त्यांना मला जाऊच द्यायचं नसेल, ही शंका आली ती तिथून.

आणखी एक गोष्ट होती. नोकरीला लागताना त्यांनी माझं कौन्सिलचं मूळ सर्टिफिकेट ठेवून घेतलं होतं. "सगळ्यांचंच ठेवतो, सुरक्षित राहतं." सगळ्यांचं म्हणजे कुणाचं? आयसीयूत आम्ही सात जणी. कोर्स केलेल्या दोघीच. बाकीच्या दहावी-बारावी झालेल्या, हाताखाली शिकलेल्या.

ऑफिसात रेकॉर्ड सांभाळणारे एक म्हातारे होते. सगळे त्यांना नाना म्हणायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. म्हणाले, "नाना, माझी फाईल बघायची होती."

नाना बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग कपाटातून दोन फाईली काढल्या, टेबलावर ठेवल्या. "मी चहाला जातो. मी तुला काही दाखवलं नाही."

मी लगेच हात लावला नाही. हा माणूस का मदत करतोय? मॅडमनीच सांगितलं असेल तर? फाईल चाळताना मला पकडायचं, चोरीचा आळ घ्यायचा, दाखल्याचा विषयच संपला. मी दार उघडं ठेवलं. मग फाईल उघडली.

पहिली फाईल पगाराची. त्यात मी आया, म्हणजे नर्सचा पगार द्यायला नको.

दुसरी फाईल तपासणीला येणाऱ्यांना दाखवायची. त्यात मी आयसीयू इन्चार्ज, रजिस्टर्ड नर्स, शेजारी माझा नोंदणी क्रमांक, माझ्या सर्टिफिकेटची प्रत. पान उलटलं. शिरपूरला त्यांची दुसरी शाखा आहे, तिथला ड्यूटी तक्ता. तिथंही मीच. तोच क्रमांक. ज्या दिवशी मी धुळ्यात त्या सालदाराच्या छातीला कान लावून बसले होते, त्याच दिवशी मी शिरपूरच्या प्रसूती वॉर्डातही होते. खाली माझी सही.

माझी नव्हती. माझ्या नावातला ळ मी तसा काढत नाही.

शिरपूरची शाखा मी रस्त्यावरूनसुद्धा पाहिलेली नाही. मी फोटो काढले.   तिथं एखादी बाई दगावली असेल, एखादं बाळ गुदमरलं असेल, आणि कागदावर त्याच्याशेजारी मी उभी असेन. ते मला कधी कळलंही नसतं.

ती सही कुणाची ते मला ओळखू आलं. ज्योतीची. साक्रीकडची मुलगी, बारावी झालेली. सलाईन लावायला मीच तिला शिकवलं होतं, तिचा हात हातात धरून. वर्षभरापूर्वी तिला शिरपूरला पाठवलं होतं. मी तिला फोन केला.

"ज्योती, माझ्या नावानं सही तू करतेस?"

 ती म्हणाली, "सिस्टर, मॅडम म्हणाल्या तुम्हाला माहीत आहे. तुमची परवानगी आहे."

"तू मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर मॅडमना काय वाटलं असतं?"

ती खरं बोलते का खोटं, मला ठरवता आलं नाही. अजूनही येत नाही. पण तिच्या जागी मी असते तर विचारलं असतं का, हेही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

दोन दिवसांनी मॅडमनी स्वतःच बोलावलं; त्यांना ज्योतीनं सांगितलं की नानांनी, माहीत नाही. साहेबही बसले होते. यावेळी मॅडम म्हणाल्या, "बस." मी सावध झाले.

टेबलावर दोन कागद. एक नवा दाखला. त्यात मी आयसीयू स्टाफ नर्स, सहा वर्षं, कामात अत्यंत कुशल. दुसरा टाईप केलेला, मराठीत. माझं मूळ सर्टिफिकेट मी स्वखुशीनं रुग्णालयाकडे ठेवत असून दोन्ही शाखांच्या यादीत माझं नाव ठेवण्यास माझी हरकत नाही.

"किरकोळ गोष्ट आहे," साहेब म्हणाले. "तू तिकडं जाशील. नाव इथं राहील. तुझं काय जातं?"

"मी नसताना माझं नाव ड्यूटी करणार?"

"सगळीकडे असंच चालतं," मॅडम म्हणाल्या. "आम्ही तुला उभं केलं, विसरू नकोस. तुला ठेवायला कोण तयार होतं?"

खरं सांगते, दोन क्षण मी टेबलावरचा पेन हातात घेतला होता. आयर्लंडचं पत्र डोळ्यांसमोर होतं. सही केली असती तर महिन्याभरात विमानात असते. कुणाला काही कळलं नसतं. मला कळलं असतं, पण माझं मला कळून आजवर कुणाचं काय बिघडलं होतं?

मी म्हणाले, "घरी विचारून सांगते."

अमळनेरला गेले. माय ओट्यावर भाजी निवडत होती. दोन्ही कागदांवर काय लिहिलंय ते मी तिला सांगितलं, मोबाईलमधले फोटो दाखवले. तिला वाचता येत नाही, पण फोटोतल्या सहीवर तिनं बोट ठेवलं. "हाई तुन्ही सही नही शे?"

"नाही."

"मंग दुसरी सही कसाले करस?"

बस, एवढंच. ती परत भाजी निवडायला लागली. थोड्या वेळानं खाली बघूनच म्हणाली, "मी आया शे. माले लाज नही. पन माले कोनी मन्हा कामनं खोटं नाव देयेल नही."

सोमवारी सकाळी अकराला मी हॉस्पिटलला गेले. मुद्दाम ओपीडीच्या वेळेला. ऑफिसचं दार उघडं होतं, मी ते लावलं नाही. बाहेर बाकांवर माणसं बसलेली.

"मॅडम, माझं मूळ सर्टिफिकेट द्या. शिरपूरच्या यादीतून नाव काढा. आणि मी जे काम केलं तेच दाखल्यावर लिहा. तिन्ही गोष्टी लेखी मागतेय." अर्जाच्या दोन प्रती पुढं केल्या. "एका प्रतीवर पोच द्या."

त्यांनी अर्ज वाचला. रंग उडाला नाही त्यांचा. म्हणाल्या, "नाही दिलं तर?"

"तर कौन्सिलला कळवीन, या नंबरची बाई शिरपूरला कधी गेलीच नाही."

"कळव. चौकशी तुझ्याच नंबरची होईल. चौकशी चालू असलेल्या बाईला तिकडं कोण घेतं? परदेश विसर. इथंही कुणी उभं करणार नाही." मग बाहेरच्या माणसांकडे बघत, त्यांना ऐकू जाईल असं, "यांना थोडं दिलं की डोक्यावर बसतात."

बाकावरचे दोघे-तिघे खाली बघायला लागले. एक म्हातारी मात्र माझ्याकडेच बघत राहिली.

"मला तुम्ही दिलेलं काही नकोय," मी म्हणाले. "माझं आहे तेवढं द्या."

पोच मिळाली नाही. तिथून थेट पोस्टात गेले आणि अर्ज हॉस्पिटलच्याच पत्त्यावर स्पीड पोस्टानं पाठवला. आठवड्यानं सर्टिफिकेट घरी आलं. एका कोपऱ्यावर तेलकट डाग, आतमध्ये चिठ्ठी नाही, काही नाही. दाखला आला नाही. तो येणार नाही, हे मला ठाऊक होतं.

मॅडम एका बाबतीत खोटं बोलल्या नव्हत्या. परदेशात नोंदणी व्हायची तर आपलं कौन्सिल तिकडच्या मंडळाला थेट कळवतं, या नर्सची नोंद चालू आहे, तिच्याविरुद्ध चौकशी नाही. मी तक्रार केली तर तेच पत्र अडकू शकतं. हे मी नीट समजून घेतलं. क्लासमधल्या एका मुलीनं सांगितलं, आधी पत्र जाऊ दे, विमानात बस, तिकडून तक्रार कर. चांगल्या मनानं सांगितलं असेल. पण तोवर शिरपूरच्या वॉर्डात माझ्या सहीखाली किती बायका झोपणार होत्या?

तक्रार मी स्वतःच्या हातानं लिहिली. फोटो जोडले, तारखा जोडल्या. ज्योतीचं नाव लिहावं की नाही, यावर एक अख्खा दिवस गेला. लिहिलं. तिला सही करायला कुणी सांगितलं, तेही लिहिलं. तिला फोन करून तसं सांगितलं. ती रडली नाही, चिडली. म्हणाली, "तुम्ही पण त्यांच्यासारख्याच." 

आयर्लंडच्या हॉस्पिटलनं दाखल्यासाठी वाट बघितली, मग ती जागा दुसऱ्या कुणाला दिली. आता मी जामनेरला एका छोट्या हॉस्पिटलात काम करते. रुजू होताना त्यांनी मूळ सर्टिफिकेट मागितलं, मी प्रत दिली. मला कामावर ठेवायचं असेल तर ठेवा, नसेल तर मी निघते म्हणाले. ठेवलं. नाना परवा बसस्टँडवर दिसले, ओळख न दाखवता निघून गेले. त्यांनी तेव्हा मला ती फाईल का दाखवली, मला आजही कळलेलं नाही.

कौन्सिलचं बोलावणं आलंय. मला जबाब द्यायचाय. मॅडम वकील घेऊन येणार, असं ऐकलंय. सांगतील, ही बाई आयाच होती. सांगू देत. मी त्यांच्यासमोर बसेन, खुर्ची कुणी दिली नाही तरी ओढून घेईन, आणि कोणत्या पेशंटला किती वाजता किती अॅट्रोपिन दिलं ते तोंडपाठ सांगेन. मग त्यांनी शिरपूरच्या एका बाळंतिणीचं नाव मला विचारावं; एकही सांगता येणार नाही, मी तिथं नव्हतेच.

इंग्रजीच्या परीक्षेची मुदत संपली तर तिसऱ्यांदा देईन. जायचं तर मी जाणारच आहे. पण जाताना इथल्या कुठल्याही वॉर्डात माझं नाव कामाला ठेवून जाणार नाही.