भाऊबीजेचा पास

निवृत्त झालो, तरी विचुंब्याची ती केस मला काही सोडत नाही. भाऊबीजेची दुपार होती. पोलीस ठाण्यात फोन आला, नव्या सोसायटीत सातव्या मजल्यावर एक बाई रक्ताच्या थारोळ्यात पडली आहे. आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. पाटाशेजारी ओवाळणीचं ताट मांडलेलं होतं.

मुलगी उरणच्या कोळीवाड्यातली. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून इथे लपून राहायची. पत्ता फक्त सख्ख्या भावाला ठाऊक. नवऱ्याला सोसायटीचा सुगावा लागला होता, पण फ्लॅट कळला नव्हता. एकदा तर वॉचमननी त्याला गेटवरून हाकललं होतं. बिचारीने सेक्रेटरींना हात जोडून सांगितलं होतं, माझा पत्ता कुणाला देऊ नका.

खबऱ्याने टीप दिली आणि नवरा एसटी स्टँडवर सापडला. खून लगेच कबूल केला. फ्लॅट कुणी सांगितला म्हटलं, की नालायक नुसता हसायचा. कमिटीने बोट दाखवलं त्या पाळीच्या वॉचमनकडे. त्याला समोर बसवलं. घामाघूम झाला, पण जबाब बदलेना. "साहेब, त्याच्या मोबाईलवर सोसायटीचा पास होता. पास असला की अडवायचं नाही, कमिटीची ऑर्डर आहे."

मग नवऱ्याचा मोबाईल पंचांसमोर उघडला. सोसायटीने मेसेजला उत्तरं देणारा एआय मदतनीस ठेवला होता, नंबर गेटवरच्या फलकावर. नवऱ्याने तिचं नाव देऊन त्या मदतनिसाला लिहिलं होतं, "मी तिचा भाऊ. भाऊबीजेला आलोय, फ्लॅट नंबर विसरलो." उत्तर आलं होतं, "भाऊबीजेच्या शुभेच्छा! बी विंग, सातवा मजला, फ्लॅट ७०३. पास पाठवला आहे." भाऊच आला समजून तिने दार उघडलं.

सेक्रेटरींना बोलावलं. शिकलेला, सज्जन माणूस.

"पास देण्याआधी तो मदतनीस घरच्यांना विचारत नाही?"

"विचारायचा, साहेब. पण मागच्या भाऊबीजेला गेटवर भावांची ही रांग! भांडणं झाली. म्हणून यंदा विचारणं बंद केलं. फ्लॅटची माहिती, पास, सगळं त्याच्या हातात दिलं."

"आणि त्या बाईचं सांगणं?"

"वॉचमनना सांगितलं होतं. मदतनिसाला सांगायचं सुचलंच नाही."

माझं डोकंच फिरलं. अहो, नव्या शिपायाला पहिल्याच दिवशी आम्ही शस्त्रागाराची किल्ली देतो का? आता कुठल्याही सोसायटीत बोलायला गेलो की हेच सांगतो. मदतनीस माणूस असो की मशीन, कामापुरतंच हातात द्या. आणि दार उघडायचं झालं, तर आत राहणाऱ्याने हो म्हटल्याशिवाय नाही.

तिचा खरा भाऊ संध्याकाळी ठाण्यात आला. मिठाईची पिशवी हातातच होती. म्हणाला, "साहेब, माझा नाव सांगून तो आत गेला. तिला एकदा इचारला पन नाय कुनी?"

तिचा मोबाईल आमच्याकडे जप्त होता. सापडला तेव्हा चालू होता. त्या दुपारी त्यावर एकही मेसेज आला नव्हता.