इटलीची विजयाबाई काय बोलली?

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मारुतीला नारळ फोडायचो, तोही खोबऱ्यासाठी! त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं तरी राग नाही...

थोरले महाराज गादीवर होते तेव्हाची गोष्ट. कोल्हापुरात गंगावेशीजवळ तंबूत मुक्या फिल्मा दाखवत. पडद्याशेजारी उभं राहून लोकांना गोष्ट सांगायचं काम माझं. पडद्यावरची इंग्रजी अक्षरं मला कुठली वाचता येणार? द्यायचं ठोकून! इटलीची एक नटी होती – सिंहाच्या पिंजऱ्यात शिरायची, धावत्या गाडीवरून उडी मारायची. तिचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून मीच बारसं केलं – विजयाबाई. पब्लिक फिदा!

माझी धाकटी बहीण सोना बायकांच्या बाजूला बसायची. सहाव्या वर्षी तापात तिचे कान गेले, पण समोरच्याचे ओठ बघून ती सगळं ओळखायची. तिचं लग्न ठरलं होतं. हातकणंगल्याचे दाजीबा – बिजवर, पण माणूस भला. ती बहिरी आहे हे मी त्यांच्यापासून लपवलं होतं. सांगितलं तर स्थळ मोडणार, मग तिला कोण विचारणार? सोनालाही दटावून गप्प बसवलं होतं.

रविवारी हळद होती. बुधवारी विजयाबाईंची चौथी फिल्म लागली. पब्लिककडे बघत मी जोशात ओरडलो, "विजयाबाई म्हणतात – दुष्टा, थांब!" घरी येताना सोना म्हणाली,

"दादा, ती तसं न्हाय म्हणाली. तुझ्याकडं बघून म्हणाली, 'गुंड्या, सांगून टाक की.'"

आधी वाटलं, खरं सांगावं म्हणून पोरगी चलाखी करतेय. पण गुंड्या? मला गुंड्या फक्त आई म्हणायची. ती तर सोनाच्या जन्माच्या वेळीच गेली, आणि तिच्यामागे ते नाव घरात कुणी काढलं नव्हतं... मला दरदरून घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी मी एक अक्षर न बोलता पडदाच बघत राहिलो. पब्लिकने शिट्ट्या मारल्या, मारू देत. ती जागा आली – आणि विजयाबाई पाठमोरी! तोंड दिसतच नव्हतं.

"रीळ बदललंस काय रं?" मी ऑपरेटरला विचारलं.

"न्हाय वो. कालचंच हाय की!"

सोनाला विचारलं तर ती रडायलाच लागली. "मी बघितलंय, दादा. डोळं हायत मला."

शुक्रवारी सकाळी हातकणंगले गाठलं. दाजीबांना सगळं सांगितलं, हात जोडले. ते शांतपणे सुपारी कातरत होते.

"पावणं, मला म्हाईत हाय की. बघायला आलतो तवा मागं परात पडली. समदी दचकली, ह्या हलल्याबी न्हाईत. तुमी कवा सांगताय त्येची वाट बघत हुतो. बहिरी बायकू मी नांदवीन, पर खोट्याशी सोयरीक न्हाय. हळदीपतोर बोलला नसता, तर मोडणार हुतो."

लग्न ठरल्या दिवशी लागलं. विजयाबाईंची पाचवी फिल्म मात्र आलीच नाही. मॅनेजर म्हणाला, चार फिल्मा करून बाईंनी काम सोडलं. का, ते कुणालाच ठाऊक नाही. त्या दिवशी कोण बोललं... इटलीची बाई, आई, की सोनाच? आजही डोकं चालत नाही. एवढंच कळतं – मी गप्प राहिलो असतो, तर माझ्या हातानं सोनाचा संसार मोडला असता.