रांजणातलं पुस्तक

कांबळे बाई आज सकाळी गेल्या.

आणि मी चोर आहे, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

सकाळपासून गावच्या ग्रुपवर सगळे हात जोडतायत. मी तीनदा लिहिलं, तीनदा डिलीट केलं. या खोलीतून त्या खोलीत नुसती येरझाऱ्या घालतेय. शेवटी म्हटलं, इथेच लिहावं. सगळ्यांसमोर.

उदगीर तालुक्यातलं आमचं गाव. लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा होता. शाळेच्या बोर्डावर पेंटरने जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून नवं लिहिलं, तेवढाच काय तो फरक. पाऊस दोन वर्षं नव्हता. विहिरींना नव्या जिल्ह्याचं काही कौतुक नव्हतं.

मी पहिलीत. बाई नुकत्याच लागलेल्या, पहिलीच नोकरी.

शाळेत चित्रांच्या गोष्टींची अकरा पुस्तकं होती. पत्र्याच्या पेटीत, कुलपात.

हेडगुरुजी म्हणायचे, "पोरं फाडतेत. साहेब आले की दाखवायला ऱ्हाऊ द्या."

बाई म्हणाल्या, "गुरुजी, साहेबाला वाचता येतंय की. पोरांना येत न्हाई."

चावी मिळाली. पण वर्गात पोरं कुठं होती? सगळी टँकरच्या रांगेत. प्रत्येक घराची घागर रांगेत आणि घागरीपाशी घरातलं एक पोर, असा गावाचा नियम. पोर उठलं की घागर मागे.

मग बाई पुस्तक घेऊन रांगेतच यायला लागल्या.

आल्या की आधी आमच्या वस्तीतल्या बायांना "जयभीम" म्हणायच्या, मग पुस्तक उघडायच्या.

रोज एकच गोष्ट. एक बकरी एकटीच बाजाराला निघते. बाई शब्दाशब्दाखाली बोट फिरवत वाचायच्या. ओळीतला शेवटचा शब्द आला की थांबायच्या, आणि अख्खी रांग ओरडायची, "बाजाराला!" बायापण ओरडायच्या. एकदा तर टँकर येऊन उभा राहिला आणि एक म्हातारी ड्रायव्हरला म्हणाली, "थांब रे बाबा, बकरी मधीच हाय अजून."

एक दिवस मी पुस्तक हातात घेतलं आणि घडाघडा वाचून दाखवलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. माझी माय बघतच राहिली.

बाईंनी मधलंच एक पान उघडलं. चित्रावर तळहात ठेवला.

"हं, आता वाच."

मी बाईंच्या बोटांच्या फटीतून चित्र शोधायला लागले.

"पाठ हाय गं तुला," बाई हसल्या. "वाचता येत न्हाई अजून. येईल."

कौतुकानंच म्हणाल्या. पण रांग हसली, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या दिवशी मी ते पुस्तक झग्याखाली लपवून घरी आणलं. वाचायला शिकून बाईंना दाखवणारच होते.

एका खोलीचं घर, सहा माणसं. लपवायचं कुठं? अंधाऱ्या कोपऱ्यात रांजण होता. कित्येक महिने कोरडा ठणठणीत. सगळ्या घरात त्याच्याइतकी भरवशाची जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी गावात दोन टँकर आले.

मी रांगेत जागा धरून बसले होते. माय घागरीवर घागर नेत होती, किती दिवसांनी हसत होती. मी घरी आले तेव्हा रांजण काठोकाठ भरला होता.

आणि वर बकरी तरंगत होती.

मायनं मला मारलं नाही. लगदा काढला, पाणी फडक्यानं गाळलं. ते पाणी फेकून द्यायची सोय नव्हती. आम्ही तेच वापरलं.

"कुणाला बोलू नको," ती म्हणाली. "बाईला तर बिलकूल न्हाई."

आठवड्यानं साहेब तपासणीला आले. पेटीत दहाच पुस्तकं. हेडगुरुजींनी बाईंकडे बघितलं.

"माझ्याकडून हरवलं, साहेब," बाई म्हणाल्या.

मी पहिल्या ओळीत बसले होते. पाटीकडे बघत.

त्याच वर्षी बाईंची बदली झाली, पार निलंग्याच्या पलीकडे. त्या पुस्तकामुळे झाली की तशीही होणारच होती? मला आजतागायत माहीत नाही. हेच मला स्वस्थ बसू देत नाही.

जायच्या आधी बाईंनी खोक्याच्या पुठ्ठ्यांवर गेरूनं ती गोष्ट आठवून लिहून काढली. चित्रं काही जमली नाहीत, बकरीची म्हैस झाली. आम्ही पोट धरून हसलो. मग अक्षरांकडे बघण्याशिवाय इलाजच नव्हता. मी त्याच पुठ्ठ्यावर बोट ठेवून वाचायला शिकले.

आज मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. वर्गात दोरीवर पुस्तकं टांगलेली असतात, कुलूप नाही. पुस्तक फाटलं तर कोणी फाडलं, असं मी विचारत नाही. लोक म्हणतात, मॅडम लई समजूतदार. समजूतदार कसली! मला ते विचारायला तोंडच नाही.

मागच्या वर्षी बाईंचा उदगीरचा पत्ता मिळाला. दोनदा गेले. दोन्ही वेळा सांगायचं ठरवून गेले आणि चहा पिऊन परत आले.

दुसऱ्या वेळी वर्गातलं एक नवं पुस्तक बरोबर नेलं होतं. बाईंना आता दिसत नव्हतं फारसं. "वाच की," म्हणाल्या. मी पान उघडलं, तर त्यांनी चाचपडत हात पुढे केला आणि चित्रावर तळहात ठेवला.

"हं, आता."

मी वाचलं. शेवटपर्यंत.

"आलं गं तुला," बाई म्हणाल्या.

तेव्हा सांगायचं होतं. मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, "बाई, बस चुकंल. पुढच्या येळी निवांत बोलू."

बाई, ते पुस्तक तुमच्याकडून हरवलं नव्हतं. मी चोरलं होतं. आमच्या रांजणात भिजलं.

माय जाऊनही सहा वर्षं झाली, म्हणजे तिनं गप्प बसवलं असंही म्हणता येत नाही. तुम्हाला आता हे वाचता येणार नाही, तेव्हा कुठं मला लिहायला धीर झाला.

माफ करा.

जयभीम, बाई.