‘इतर’मध्ये टाकलेली फाईल

ऑफिसात तिला सगळे कपाटबाई म्हणायचे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत लोखंडी कपाटं होती तेव्हापासून ती कागद लावत होती. कपाटं गेली, कॉम्प्युटर आले, नाव चिकटलं ते चिकटलंच. कॉम्प्युटरवरची मांडणीही तिचीच. आधी इमारतीचं फोल्डर, त्याच्या पोटात वर्ष, वर्षाच्या पोटात तपासण्या, तक्रारी, पत्रं. इतकं सोपं, पण कोणी ऐकेल तर शपथ! एक जण ‘शेवटची’ नावाची फाईल कुठेतरी टाकायचा आणि चार दिवसांनी ‘शेवटची खरी’. एकवीस वर्षं दुसऱ्यांचा पसारा आवरून ती विटली होती. घरी नवऱ्याचे मोजेसुद्धा ती हल्ली उचलत नसे.

शेवटी तिने नियम काढला. धड नाव नसलेली फाईल ‘इतर’मध्ये जाणार आणि दर तीन महिन्यांनी ‘इतर’ न उघडता पुसलं जाणार. साहेबांनी लगेच सही केली. वाचून सही करायची त्यांना सवयच नव्हती.

मग एका इमारतीतली लिफ्ट वरून सुटली आणि दोन मजले खाली येऊन आदळली. आतल्या बाईंचा पाय मोडला. त्या इमारतीकडे बघणारा म्हातारा मिस्त्री सांगत होता, “तारेचा दोर झिजलाय म्हणून मी दोन महिने आधी ऑफिसात फोटो पाठवला होता.” त्याचा तो फोन मध्येच बिघडला होता. साहेबांनी कॉम्प्युटरवर इमारत उघडली, वर्ष उघडलं, तक्रारी उघडल्या. काही नाही.

“कपाटबाईंकडे नाही म्हणजे पाठवलाच नाही,” साहेब म्हणाले आणि मिस्त्रीला घरी बसवलं.

ते ऐकताना तिला आठवलं. ‘दोर बघा लवकर’ नावाची फाईल तिने पाहिली होती. हे काय नाव झालं, असं पुटपुटत ती ‘इतर’मध्ये ढकलली होती. तिमाही संपल्यावर सगळं पुसून ती वेळेवर घरी गेली होती.

आठ दिवस ती गप्प बसली. झोप येत नव्हती असं नाही, दमलेल्या माणसाला झोप येतेच. पण सकाळी उठवत नसे. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, आणि तिला आपली लाज वाटत होती.

नवव्या दिवशी ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि झालं ते सांगितलं.

“अहो, कशाला हात दाखवून अवलक्षण?” साहेब कुजबुजले. “तो सुटेल, पण तुम्ही अडकाल.”

“अडकू दे. लिहून देते.”

दुसऱ्या दिवशी मिस्त्री कामावर आला. ती जिन्यात त्याला गाठून म्हणाली, “मिस्त्री, चुकलं माझं.”

त्याने हत्यारांची पिशवी खाली ठेवली.

“पोरगी विचारत होती, बाबा, खरंच पाठवला होतात ना?” तो म्हणाला. “तुम्हाला कधी आठवलं, बाई?”

“पहिल्याच दिवशी.”

पिशवी उचलून तो एक एक पायरी चढत वर गेला.