सूर्याभोवतीचं निळं वलय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आणि कुसुमला तर नाहीच. कुसुम माझी धाकटी बहीण. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. आता गप्प बसवत नाही, एवढंच.

छप्पन साली आमच्या राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्या सुमाराची गोष्ट. कुसुमला जवळच्या निंबोल्याच्या शाळेत मास्तरीण व्हायचं होतं. परीक्षा पास व्हावी म्हणून आम्ही दोघींनी वर्षभराचं व्रत धरलं — रोज तापीच्या राजघाटावर सूर्याला अर्घ्य. तापी सूर्याची लेक. तिच्या पाण्यात उभं राहून तिच्या बापाला भ्यायचं कशाला? मीच म्हटलं होतं हे. ऊन चढेपर्यंत एकटक बघायचं, आणि व्रताचं कुणाजवळ बोलायचं नाही.

मी मात्र पहिल्याच आठवड्यात डोळे मिटायला लागले. झोंबायचं! तिला कसं कळणार? ती सूर्याकडे बघत होती. वर थाप मारली — मला सूर्याभोवती निळं वलय दिसतं. का मारली? ती हुशार होती, मी नव्हते. जळायचे मी तिच्यावर.

"ताई, तुले रोज दिसते, मंग मले काऊन नाही दिसत वं?" ती विचारायची. मी म्हणायचे, जास्त वेळ बघ.

आठेक महिन्यांनी तिला ओळीतलं मधलं अक्षर दिसेना. मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, सूर्याकडे बघतेस का? उन्हात न दिसणारे अतिनील किरण असतात, रोज थोडे थोडे आतला पडदा जाळतात — दुखतही नाही. आत्ता थांबलं तर उरलेली नजर वाचेल. व्रत मोडेल म्हणून कुसुम गप्प. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हो म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आलाच असता — मग तुझे डोळे कसे ठणठणीत?

मी म्हटलं, "नाही."

दुसऱ्या दिवसापासून ती आणखी वेळ बघू लागली. डोळे बरे कर म्हणून सूर्यालाच साकडं घालत होती. आणि मी? शेजारी, गुडघाभर पाण्यात, डोळे मिटून. पुढचे चार महिने.

ती मास्तरीण झाली नाही. आता माझा चेहरा बघायचा तर तिला नजर माझ्या कानाकडे न्यावी लागते. सरळ पाहिलं की मी दिसत नाही. परवा माझ्या नातीला सांगत होती — तुझ्या आजीले निळं वलय दिसे, मले कधीच नाही दिसलं, माझीच श्रद्धा कमी पडली.

मी तिथेच शेंगा सोलत बसले होते. सोलत राहिले.