अडकलेला मेल

साताऱ्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या वर्षी कोरेगावकडच्या एका गावातून निवृत्त सुभेदारांचा फोन आला.

"मेलचा प्रोग्राम उघडला की आपोआप बंद पडतोय. दोघांनी बघितलं. दोघंबी म्हणत्यात, समदं पुसा आन् नव्यानं टाका. तुमी काय म्हणता?"

"काही पुसायचं नाही, काका. मी येते."

न बघता असं बोलू नये. पण हे दुखणं माझ्या ओळखीचं होतं.

काकांनी पलटणीत कारकुनी केलेली. सगळे सोबती व्हॉट्सअ‍ॅपवर गेले तरी हे मेलवरच. "मेल म्हंजे कागद. कागद ऱ्हातो," असं त्यांचं म्हणणं. पलटणीतल्या जुन्या गड्यांना खंडाळ्यात जेवायला जमवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं, आणि नेमका तेव्हाच प्रोग्राम रुसला.

त्यांच्या घरी पोचल्यावर मी तो चालू केला. खिडकी उघडली, खाली मेल उतरायची पट्टी सरकू लागली आणि खिडकीच गायब. मग मी इंटरनेटची वायर काढून पुन्हा चालू केला. आता तो निवांत उघडा राहिला.

"प्रोग्राम धडधाकट आहे, काका. बाहेरून येणारा एखादा मेल त्याला गिळता येत नाही. हा मधेच बंद पडतो, मेल तिकडंच राहतो आणि पुढच्या वेळी परत तोच पहिला. मागची सगळी रांग अडलीय."

"यष्टीच्या दारात कुणी गठुडं घिऊन बसल्यागत?" काकू आतून म्हणाल्या.

"अगदी तसंच!"

वायर लावून मी ब्राउझरमधून त्यांची मेलपेटी उघडली. प्रोग्राममध्ये शेवटचा उतरलेला मेल बघितला आणि त्याच्या लगेच पुढचा शोधला. पाठवणाऱ्याचं नाव वाचलं, तसे काका खुर्चीतून उठलेच.

कर्नाटकच्या हद्दीजवळच्या जतचा त्यांचा दोस्त, एका बराकीत राहिलेला. बाकीच्यांनी फोनवरच होकार कळवला होता. याचं मात्र काहीच नाही, म्हणून काकांनी रागानं त्याला फोन करायचंही सोडलं होतं.

"मला वाटलं, इसरला," ते हळूच म्हणाले.

मेल ब्राउझरमध्ये सहज उघडला. 'गुडघे दुखतात, तरी येणार. जुना फोटो सापडला, पाठवतोय.' त्या फोटोच्या फाइलला नाव म्हणून त्यानं अख्खी कन्नड ओळ दिली होती. जुनाट प्रोग्रामला ती पचत नसणार. मी तो मेल बाजूच्या फोल्डरमध्ये हलवला. प्रोग्राम उघडताच तुंबलेले मेल धडाधड उतरले. मग खात्री करायला फोटोचं नाव साधं, छोटं केलं आणि तो काकांनाच पाठवला. बिनतक्रार आला.

दोन पोरगेले जवान, एकाच मगातून चहा पिताना.

"आवं, बघा तरी, मिशाबी न्हाईत ह्यास्नी!" काकू हसू लागल्या.

मी प्रोग्रामची नवी आवृत्ती बसवत होते, तोवर काकांनी फोन लावला होता. मोडक्या कन्नडात सुरुवात केली, पण पुढच्याच वाक्याला मराठीवर आले. "आरं गड्या, तुझा मेल आत्ता घावला बघ! व्हय, व्हय, आत्ता! लय शिव्या घातल्या रं तुला. तू आधी ये, मग तूबी घाल."

पलीकडून शिव्यांना तेव्हाच सुरुवात झाली असावी, कारण काका फोन कानापासून लांब धरून हसत होते.